गाडी अख्खी आली का?

आमच्या इंग्रजीच्या सरांनी कुठल्याही शाळेत कधी नोकरी केली नाही. ते मालगाडीवर गार्ड होते. रिटायर झाले आणि लगेच त्यांनी सोलापुरात मॅट्रिक नापासांचा क्लास काढला. क्लासला पाटी नव्हती, बाक नव्हते. एका यंत्रमाग कारखान्याच्या मागचं फरशीचं आवार होतं, खिळ्याला टांगलेला फळा होता, आणि सरांच्या गळ्यात शिट्टी होती.

शिट्टी खरीखुरी, रेल्वेची. संध्याकाळी पाचला वाजायची. त्यानंतर येणाऱ्यानं आवाराच्या दाराबाहेर उभं राहून ऐकायचं. "गाडी सुटल्यावर पळू नये. पाय जातात," एवढंच म्हणायचे. एकदा त्यांचीच सायकल पंक्चर झाली. आले तेव्हा पाच वाजून गेले होते. आम्ही सगळे आत, फळा आत, आणि सर दाराबाहेर उभे. अख्खा तास त्यांनी बाहेरूनच शिकवला. फळ्यावर लिहायचं झालं की ओरडून सांगायचे, "अंबादास, लिही!" रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. अंबादासनं जाऊन हाताला धरलं, "आत या की ओ सर," म्हणाला. सर म्हणाले, "नियम कुणाचा हाय?" "तुमचा." "मग?"

काखेत कायम दोन झेंडे. वाक्य बरोबर आलं की हिरवा, चुकलं की लाल. लाल झेंडा वर गेला की सर बोलायचे नाहीत, चूक कुठाय तेही सांगायचे नाहीत. ती आम्ही हुडकायची. उन्हाळा असो की काही असो, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा कोट. आडनाव विचारलं की म्हणायचे, "गार्ड." अंबादासशी तेलुगूत बोलायचे, भाजीवालीशी कानडीत, टांगेवाल्याशी दखनीत आणि आमच्याशी मराठीत. चारही भाषा त्यांना सारख्याच घरच्या. त्यांची जात आम्हाला आजवर कळली नाही. सोलापुरात राहून जात कळू न देणं म्हणजे काय कसब लागतं, ते सोलापुरात राहणाऱ्यालाच कळेल.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती शिकायला नव्हे, सही मागायला. आमच्या वस्तीतल्या युवक मंडळानं पत्रक काढलं होतं. मजकूर माझा. मंडळाची सगळी पत्रकं मीच लिहायची. मंडळातल्या पोरांना भाषण येतं, लिहायला बसवलं की त्यांचं पोट दुखतं. पत्रक इंग्रजीच्या सक्तीविरुद्ध होतं, आणि त्यातल्या एकाही शब्दाबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. ज्या पोरीनं गणितात, शास्त्रात, मराठीत चांगले मार्क मिळवले, तिचं आयुष्य इंग्रजीच्या एका पेपरावर अडवून ठेवायचं, ही कुठली व्यवस्था? ती पोरगी मीच होते. दोनदा नापास.

सरांनी उभ्या उभ्या पत्रक वाचलं. खिशातून लाल पेन्सिल काढली. मला वाटलं सही करतायत.

"‘इंग्रजीची सक्ती हटवा! गरिबांची फसवणूक थांबवा! आम्ही जागे झालो आहोत!’" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "पोरी, हे सगळे डबे यार्डात सुटे उभे हायत की. ह्यांना जोडणार कोण?"

"घोषणा आहेत त्या," मी म्हटलं.

"असू देत. सक्ती का हटवायची?"

"अन्याय आहे म्हणून."

"मग ते ‘म्हणून’ कुठाय हितं?"

एवढी उद्गारचिन्हं होती त्या कागदावर, पण कारण एकही नव्हतं.

"सही करणार का नाही?"

"नापास हायस?"

"दोनदा."

"उद्या ये. शिट्टीच्या आत."

सही केली नाही. आजवर एकाही पत्रकावर त्यांनी सही केलेली नाही, हेही इथंच नोंदवून ठेवते.

मी गेले, कारण घरी माझी मुदत ठरली होती. वडील गिरणीत. त्यांना माझ्या शिक्षणाचं कौतुक होतं, पण कौतुकालाही कुठंतरी दमायला होतं. ते म्हणाले, "दिवाळीपत्तर बघतो. ऑक्टोबरला पास निघालीस तर नर्सिंगच्या ट्रेनिंगला घालतो. न्हाय निघालीस तर मोहोळला बार उडवून टाकतो. आत्या किती दीस वाट बघंल?" आत्याच्या पोराचं मोहोळला स्टँडजवळ सायकलचं दुकान. पोरगा वाईट नव्हता. पण कुणी वाईट नाही म्हणून त्याच्याशी लग्न करायचं, हे मला पटत नव्हतं. नर्सिंगला मॅट्रिक लागायचं, मॅट्रिकला इंग्रजी लागायचं. इतकी सरळ गाडी होती माझी.

आता क्लासची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

सर पुस्तक उघडायचे नाहीत. ते आम्हालाच वाक्यात उभं करायचे. एकाच्या गळ्यात पाटी, तिच्यावर खडूनं एक लहान वाक्य. दुसऱ्याच्या गळ्यात दुसरं. एक वाक्य म्हणजे एक डबा. आणि दोन डब्यांच्या मधे जोडशब्द, तोही माणूसच. त्यानं दोन्ही बाजूंचे हात धरायचे. अशी रांग आवारभर फिरायची आणि फिरता फिरता प्रत्येकानं आपापलं बोलायचं. ‘वी वॉक्ड टू द टँक’, ‘बिकॉज’, ‘द वेल वॉज ड्राय’. तळ्यावर गेलो, कारण विहीर आटली होती. पाट्यांवरची वाक्यं रोज बदलायची, पण जोडशब्द कायमचे नेमलेले. अंबादास ‘बट’ होता. त्याच्या घरी चार पिढ्या माग, आणि तो बोलतानाही प्रत्येक गोष्टीला "पण ओ सर" म्हणायचा, म्हणून ‘बट’. मी ‘बिकॉज’. आम्ही एकमेकांना रस्त्यातसुद्धा याच नावानं हाका मारायचो.

स्वल्पविराम शिकवला त्या दिवशी सरांनी दोन पोरांच्या मनगटांना सुतळीचं एकेक टोक बांधलं आणि शिट्टी वाजवली. "पळा!" दोघं दोन दिशांना पळाले, सुतळी तटकन तुटली, एकजण फळ्यावर जाऊन आदळला.

"बघितलं? हा तुमचा कॉमा. सुतळीनं कुठं डबे ओढत्यात का?"

मग मधे अंबादासला उभा केला. सुतळी होतीच, पण आता अंबादासनं दोघांचे हात धरले. "पळा!" दोघांनी ओढलं, अंबादासचे खांदे निखळायला आले, पण रांग तुटली नाही.

"सुतळी असू दे. पण माणूस पायजे," सर म्हणाले आणि हिरवा झेंडा वर केला. "नुसत्या कॉम्यानं दोन वाक्यं जोडाल तर परीक्षक तुमाला लाल दाखवतोय. न्हायतर फुलस्टॉप हाय. फुलस्टॉप म्हणजे फाटक. जोडता येत न्हाय तर फाटक लावा, पण सुतळी बांधून फसवू नका."

शाळेतल्या बाईंनी हेच मला तीन वर्षं सांगितलं होतं. त्या दिवशी ते अंगात गेलं.

पण ‘बिकॉज’ होणं मला सहन होत नव्हतं. रोज दुसऱ्यांचे हात धरायचे, रोज मधे उभं राहायचं. आवाराच्या मालकाची मुलगी सुनंदा आमच्याच क्लासात होती, ती कायम वाक्य व्हायची. एक दिवस मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, मालकाची पोरगी कायम डबा, आणि वस्तीतली पोरगी कायम जोडायला. हे आम्हाला नवं नाही. पण तुम्हीही तेच करायचं?"

सुनंदा खाली बघायला लागली. सर रागावले नाहीत. फळ्याला टेकून त्यांनी कुर्डुवाडीकडची गोष्ट सांगितली. ते नवीन गार्ड असताना भर दुपारी चढावर त्यांची मालगाडी मधूनच तुटली. जोड निसटला. अर्धी गाडी इंजिनाबरोबर पुढं गेली, अर्धी मागं घरंगळायला लागली. सर शेवटच्या डब्यात. हातब्रेक आवळून त्यांनी ती कशीबशी थांबवली आणि उन्हात बसून राहिले.

"ड्रायव्हरला पत्ताच न्हाय. पुढच्या ठेसनात गेला, चहा घेतला. त्याला वाटलं, आपण पोचलो! ठेसनमास्तर इचारतोय, ‘अख्खी आली का गाडी?’ तवा हा मागं वळून बघतोय." सर माझ्याकडे वळले. "डबा कुणीबी होतंय, पोरी. जोडणारा दोन डब्यांच्या मधे जाऊन उभा राहतोय. समद्यात अवघड जागा ती. पण तुला डबा व्हायचंय ना? हो. उद्यापासून सुनंदा ‘बिकॉज’."

दोन दिवस मी डबा होते. गळ्यात पाटी घालून उभं राहायचं, ओढलं की चालायचं. सुनंदा मात्र मधे घामाघूम होऊन सगळी रांग सांभाळत होती आणि वर हसत होती. तिसऱ्या दिवशी मी माझी जागा परत मागितली. सुनंदा म्हणाली, "लई चांगलं काम तू ठेवून घेतलीस की गं!" तेव्हापासून आमची गट्टी. रांगेत ती माझा उजवा हात धरायची.

आणि तेच डोळ्यावर आलं.

परीक्षेला महिना-दीड महिना उरला असताना एक दिवस मालक आवारात आले. फार अदबीचा माणूस. हात जोडून म्हणाले, "सर, ही पोरं-पोरी हात धरून फिरत्यात, ते बरं दिसंना."

"व्याकरण हाय ते," सर म्हणाले.

"असंल की. मी कुठं न्हाय म्हणलो? पण कुणाचा हात कुणाच्या हातात जातोय, ते बापाला बघावं लागतंय. तुमी समजून घ्या."

बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. अंबादासकडे पाहिलं, बाकीच्या पोरांकडे पाहिलं, फक्त मला टाळलं. म्हणूनच मला कळलं. हात धरणारी पोरं चालत होती, चालत नव्हता तो वस्तीतला हात.

मी सरांकडे बघत राहिले. आता बोलतील. आता लाल झेंडा वर जाईल.

सर म्हणाले, "बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सुतळीचे हातभर तुकडे वाटले. "हात नको. ह्याचं एकेक टोक धरा."

माझ्या हातात तो तुकडा आला आणि माझं डोकं फिरलं. "सर, सुतळीनं डबे ओढत्यात का?"

सर उरलेली सुतळी गुंडाळायला लागले.

"तुम्हीच शिकवलं की! का ते फक्त परीक्षेपुरतं होतं?"

"परीक्षा जवळ आलीय पोरी," ते हळू म्हणाले. "आवार गेलं तर कुठं जाऊ तुमाला घेऊन?"

मी सुतळी त्यांच्या पायाशी टाकली आणि निघाले. मागून अंबादास म्हणाला, "पण ओ सर..."

घरी आईनं विचारलं, "आज लवकर?" मी वह्या कोपऱ्यात टाकल्या. मोहोळ समोर दिसत होतं. सायकलचं दुकान, ट्यूबचा वास, पंक्चर काढणारा नवरा. एकटीनं अभ्यास करून मी दोनदा नापास झाले होते, तिसऱ्यांदा काय वेगळं होणार होतं? पण त्या आवारात सुतळी धरून उभं राहायचं, आणि उजव्या बाजूला सुनंदा असताना तिचा हात धरायचा नाही? असल्या क्लासात पास होण्यापेक्षा मोहोळ परवडलं.

मला राग आला की मी एकच गोष्ट करते. मी मंडळाच्या खोलीत गेले आणि पत्रक लिहिलं. सायक्लोस्टाइलच्या मशीनवर शाईनं हात काळे करून प्रती काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी आवाराच्या दारात जाऊन वाटायला उभी राहिले. मथळा होता, ‘सुतळीवाल्या सरांना जाहीर सवाल’.

सर सायकलवरून उतरले. हात पुढं केला. मी प्रत दिली. पोरं भोवती गोळा झाली, सुनंदाही दारात आली. सरांनी लाल पेन्सिल काढली आणि वाचायला लागले. मोठ्यानं.

"‘आम्ही तुमच्या क्लासला येतो, कारण आम्हाला शिकायचं आहे, पण जिथं आमचा हात चालत नाही तिथं आम्ही थांबणार नाही, कारण पास होऊन आम्हाला पुन्हा याच रस्त्यानं मान वर करून चालायचं आहे. तुम्हाला आवार जाण्याची जी भीती वाटते ती खरी असेल. पण ती भीती तुम्ही आमच्या हातात का दिलीत?’"

पेन्सिल कागदावर फिरत फिरत खाली आली. कुठंच टेकली नाही. त्यांनी ती खिशात ठेवली आणि काखेतून हिरवा झेंडा काढून वर धरला.

"अख्खी आली," म्हणाले. "एक डबा सुटला न्हाय."

माझा संताप आणखी वाढला. "सर, मी तुमच्या विरोधात लिहिलंय!"

"वाचलं की. खरं हाय ते."

आत गेले. खिळ्यावरचा फळा काढला, सायकलच्या कॅरिअरवर आडवा बांधला. बांधला तो त्याच सुतळीच्या तुकड्यांना गाठी मारून. मालक धावत बाहेर आले. "सर, हे काय? मी जावा म्हणलो न्हाय तुमाला!"

"न्हाय म्हणलात. उपकार हायत तुमचे. आवार तुमचं, पण गाडी माझी हाय," सर म्हणाले आणि आमच्याकडे वळले. "रेल्वे लायनीजवळच्या मैदानात जायचंय. सावली न्हाय, बसायला काय न्हाय. यायचं त्यानं हात धरा. न्हाय यायचं त्यानं राहा, राग न्हाय माझा."

काहीजण राहिले. त्यांची नावं मी लिहीत नाही. त्यांचेही बाप होते. बाकीच्यांची रांग लागायला लागली. सर इकडं तिकडं बघत म्हणाले, "बिकॉज कुठाय? तिच्याबिगर कशी सुटंल?"

मी उरलेली पत्रकं बगलेत मारली आणि मधे जाऊन उभी राहिले. डावा हात अंबादासनं धरला. उजवा मोकळाच होता. शिट्टी तोंडाला लावून सर थांबले होते.

दारातनं सुनंदा आली आणि तिनं माझा हात धरला. "घट्ट धर की गं," ती पुटपुटली, "बाबा बघायलेत."

"सुनंदा, आत ये," मालक म्हणाले.

"तास झाला की येते, बाबा."

"सुनंदा!"

"बाबा, शेवटचा डबा मीच हाय. मी सुटले तर ह्यास्नी लाल मिळंल." तिनं हात सोडला नाही. मालकांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, लोक जमले होते. मग ते आत गेले. घरी काय झालं ते सुनंदानं सांगितलं नाही, पण ती रोज येत राहिली.

शिट्टी वाजली. बाजारातल्या रस्त्यानं आमची रांग निघाली. टांगे थांबले. एक चादरवाला दुकानातून ओरडला, "कसला मोर्चा हाय रे?"

अंबादास पुढून ओरडला, "मोर्चा न्हवं ओ! इंग्रजीचं वाक्य चाललंय!"

मी मागं वळून पाहिलं. सगळ्यांच्या मागं सर, एका हातानं फळ्याची सायकल ढकलत, दुसऱ्या हातात हिरवा झेंडा. मोर्चाच्या पुढं राहायला धडपडणारे पुढारी मी पुष्कळ पाहिलेत. मागं राहून सगळ्यांना मोजत येणारा हा एकच.

मी त्यांना देव करणार नाही. ते ‘बघतो’ म्हणाले, तो दिवस मी विसरलेले नाही, आणि त्यांना भेटले की त्याची आठवण करून देते. ते दर वेळी मान हलवून म्हणतात, "लाल होता तो. माझा मलाच दिसला न्हाय."

ऑक्टोबरचा पेपर झाला. निकाल लागला. मी पास, सुनंदा पास. वडिलांनी मोहोळला निरोप धाडला, तर आत्याचा पोरगाच सायकलवरून आला आणि म्हणाला, "बरं झालं बाई. तुजी पत्रकं वाचून मलाच भ्या वाटत हुतं." मीही त्याला पहिल्यांदा मनापासून चहा केला.

पेढ्यांचा पुडा घेऊन मी मैदानात गेले. सर फळा पुसत होते. मी पुडा पुढं केला. त्यांनी पेढा घेतला नाही. माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"गाडी अख्खी आली का?"

अंबादास चार मार्कांनी गेला होता. निकालाच्या दिवसापासून तो घराबाहेर पडला नव्हता, मागावर बसला होता, हे मला माहीत होतं. आणि मी पेढे घेऊन आले होते.

"ड्रायव्हरनं चहा घेतला तसं झालं की हे," सर म्हणाले. ओरडले नाहीत. फळा पुसत राहिले.

मी पुडा मिटला आणि तशीच अंबादासच्या घरी गेले. आत मागाचा खडखडाट. त्यानं वर पाहिलं नाही.

"बट," मी हाक मारली.

"पण मी नापास झालो की."

"म्हणून आलेय. उद्या पाचला. शिट्टीच्या आत."

तेव्हा ट्रेनिंगला जायला मला वेळ होता. रोज मैदानात मी आणि सुनंदा डबे झालो आणि अंबादास मधे उभा राहिला. पुढं ट्रेनिंग सुरू झालं तेव्हा सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी जात राहिलो. आमच्या वस्तीतल्या आणखी दोन पोरी तिथं यायला लागल्या.

पुढच्या खेपेला अंबादास पास झाला. आम्ही तिघं हात धरून मैदानात गेलो. जुना पुडा कधीच संपला होता, नवा घेतला होता. या वेळी सरांनी पेढा घेतला, अर्धा मोडून तोंडात टाकला. मग कोटाचं वरचं बटण नीट केलं, आणि परत आमच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

मागं त्या दोन पोरी उभ्या होत्या, हातात नापासाचे कागद घेऊन.

सरांनी उरलेला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि शिट्टी तोंडाला लावली. आम्ही तिघं परत रांगेत जाऊन उभे राहिलो.